पायाला काही बांधायचं नाही

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूने एक जखम होती. सुरुवातीला ती सुपारीएवढी होती. पुढे पसरत पसरत ती तळहाताने जेमतेम झाकली जाईल एवढी झाली. मध्ये दोनदा ती भरत आल्यासारखी दिसली आणि पुन्हा फुटली. भोवतालची कातडी तांबूस-काळी पडली होती आणि हाताला चामड्यासारखी लागायची. संध्याकाळी पाऊल सुजायचे, चपलेचा पट्टा त्यात रुतायचा, जखमेतून पाणी झिरपून पायजम्याची कड ओली व्हायची. दुखते का, असे विचारले की तो म्हणायचा, "चालायचंच."

तो लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होता. आम्ही खेडला राहतो. खालच्या मजल्यावर तो आणि वहिनी, वर मी. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून घरी परतलो तेव्हा या जखमेला काही वर्षे होऊन गेली होती. पाहुणे आले की चहाच्या आधी तिची चौकशी करायचे.

ती का भरत नाही याचे उत्तर भावाकडे तयार होते. खूप पूर्वी प्लांटमध्ये एका पाइपच्या जोडातून अॅसिडचे काही थेंब उडून त्याच्या नडगीवर पडले होते. त्याने कारखान्यात शिकवतात तसेच केले. बूट काढला, पँट उतरवली, सेफ्टी शॉवरखाली उभा राहून पाय भरपूर धुतला. वर काही चोळले नाही, काही बांधले नाही. कातडी थोडी लाल झाली, सोलली आणि काही दिवसांत पाय पूर्ववत झाला. पुढे नव्या कामगारांना तो हाच नियम शिकवू लागला. अंगावर काही उडाले तर आधी कपडे उतरवायचे, मग पाणी, मग पाणीच. जागा उघडी ठेवायची. घट्ट कापडाखाली रसायन अडकले तर ते मांस खाते. नियम बरोबर होता आणि तो शिकवण्यात भाऊ कडक म्हणून ओळखला जायचा. मनगटात घट्ट कडे किंवा पायात काळा दोरा घालून कोणी आत आले तर त्याला तो गेटवरून परत पाठवायचा.

घोट्याजवळ जखम झाली तेव्हा हा नियम त्याने घरी आणला. त्या जुन्या थेंबांतलेच काहीतरी आत राहिले, ते खाली उतरले आणि आता बाहेर पडायला वाट शोधते आहे, अशी त्याची खात्री होती. तेव्हा पायाला काही बांधायचे नाही. खेडमधल्या डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली की ती रिक्षा दारात येईपर्यंत पायावर असायची. घरात पाऊल टाकल्यावर पहिले काम पट्टी सोडणे. मग ओटीवर खुर्ची टाकून, पाय खाली सोडून, तो जखमेला ऊन दाखवत बसायचा.

"वाळू दे," तो म्हणायचा. "आतलं निघून जाऊ दे."

"इतकी वर्षं काय निघतंय आतून?" वहिनी विचारायच्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि अपुरे उत्तर त्यांना चालत नसे. "एवढ्या वेळात विहीर उपसून झाली असती."

लोट्याच्या पंचक्रोशीत कोणाच्याही पायाला न भरणारी जखम झाली की पहिला संशय केमिकलवर जातो. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या बोलण्यात हे सहज येते, त्यामुळे भावाच्या निदानाला आव्हान देणारे कोणी नव्हते. उलट एका लग्नात चुलत्यांनी मला बाजूला घेतले.

"तू पेपरवाला ना? मग छाप की."

"काय छापू?"

"केमिकलनं पाय सडवला म्हणून."

"केमिकलनंच सडवला, हे कोण सांगतं?"

"कोण म्हणजे? तुझा दादाच सांगतो!"

ज्याच्याबद्दल बातमी, त्याचेच म्हणणे हा एकमेव पुरावा. विषय तिथे थांबला.

मधल्या काळात कंपनीच्या वार्षिक तपासणीत जखम दिसली आणि भावाचे आत जाणे बंद झाले. उघडी जखम घेऊन प्लांटमध्ये जाता येत नाही, हे त्यालाही मान्य होते. त्याला वजनकाट्यावर बसवले. टँकर आत येताना आणि बाहेर जाताना त्याचे वजन घ्यायचे, गाडी हलवायला सांगायची, पुढचा टँकर बोलवायचा. दिवसभर खुर्ची, पाय खाली लोंबते. जुने सोबती कंपनीच्या बसमधून उतरताना खिडकीत डोकावायचे. "काय शेठ, आज किती टन?" तो हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

प्रश्न धसाला लागला तो नव्या प्लांटमुळे. कंपनीच्या आवारात एक नवी इमारत उभी राहत होती आणि शिमग्याच्या सुमारास तिथले उत्पादन सुरू होणार होते. नवा प्लांट सुरू करणे हा ऑपरेटरच्या आयुष्यातला मोठा प्रसंग असतो. झडपा कुठे अडतात, कोणता पाइप थरथरतो, तापमान कुठे चुकवते, हे सगळे पहिल्यांदा ज्यांना कळते त्यांचा शब्द त्या प्लांटमध्ये कायम चालतो. भावाने आधी असे दोन प्लांट सुरू केले होते. प्लांट मॅनेजरने त्याला काट्यावर येऊन सांगितले, "पायाची जखम बंद करून दाखव, पहिल्या बॅचला तू. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." दुसरा माणूस बघितला गेला असता तर निवृत्तीपर्यंत वजनकाटा, हे सांगायची गरज नव्हती.

गणपती झाले, चाकरमानी परतले, घर रिकामे झाले. वहिनींनी शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांचे नाव आणले. त्या रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञ होत्या. भाऊ आधी नाही म्हणाला, मग मॅनेजरचे वाक्य आठवून तयार झाला. आम्ही तिघे सकाळच्या रेल्वेने निघालो. 

डॉक्टर वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी जखमेकडे एकदा पाहिले आणि तिला तूर्त बाजूला ठेवले. भावाला झोपवून दंडावरचा रक्तदाब घेतला, मग तसाच पट्टा घोट्याच्या वर, जखमेवर स्वच्छ कापड ठेवून गुंडाळला आणि पेनासारखे एक यंत्र पावलावर टेकवले. त्यातून भात्यासारखा आवाज येऊ लागला.

"रक्त खाली नीट पोचतंय," त्या म्हणाल्या. "हे आधी बघावं लागतं. पोचत नसेल तर पाय दाबणं धोक्याचं असतं."

"दाबणं?" भावाने मान उचलली.

"हो काका. दाबायचाच आहे."

"दाबायचा नाय. बांधायचा पण नाय. हे केमिकलचं हाय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. शेजारच्या खोलीत नेऊन सोनोग्राफी केली. मांडीपासून खाली सरकत त्या पडद्याकडे पाहत होत्या. गुडघ्यामागे त्यांचा हात थांबला.

"हा पाय कधी मोडला होता का?"

"मोडला होता. मोटारसायकलवरनं पडलेलो, भरणे नाक्याच्या पुढं. प्लास्टर होतं बरेच दिवस. पण ती जुनी गोष्ट."

"केमिकल कुठं उडालं होतं? बोट ठेवून दाखवा."

त्याने नडगीवर, समोरच्या बाजूला बोट ठेवले.

"आणि जखम आतल्या बाजूला, घोट्याजवळ."

"आतून उतरलं ना ते."

"आतून काही उतरलेलं नाही. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असणार. गुठळी विरली, पण जाताना शिरेतल्या झडपा खराब करून गेली. आता रक्त वर चढतं आणि पुन्हा खाली घसरतं. तुम्ही उभे राहिलात किंवा पाय सोडून बसलात की सगळा भार घोट्यावर. कातडी कुठवर सोसेल?"

भाऊ पडद्याकडे पाहत होता. त्यावर निळे-तांबडे रंग पुढेमागे होत होते.

"म्हणजे एनआरव्ही गेलेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मलाही तो शब्द माहीत नव्हता. भावाने सांगितले की पंपाच्या पुढे लाइनीत एक झडप बसवतात. ती द्रव पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. ती खराब झाली तर पंप थांबल्याबरोबर सगळा माल मागे येतो.

"मग गळतं कुठं?" डॉक्टरांनी विचारले.

"सगळ्यात खालच्या जोडाला." मग तो स्वतःच्या घोट्याकडे पाहून म्हणाला, "बदलता येतात?"

"आतल्या शिरेतल्या नाही. बाहेरून दाब द्यायचा. जखम भरेपर्यंत जोरात, भरल्यावर आयुष्यभर."

निदान केमिकलचे नाही हे पटायला त्याला एवढे पुरले. त्याप्रमाणे वागायला मात्र बराच वेळ लागणार होता.

दाब देणारे यंत्र त्या दिवशी तिथेच पाहिले. पाऊल ते मांडी एवढी लांब, जाड कापडाची पोकळ पिशवी, बाजूला चेन. पायमोज्यावर ती चढवतात. आत एकावर एक हवेचे कप्पे. नळ्या एका छोट्या पेटीला जोडलेल्या. पेटी सुरू केली की आधी पावलाचा कप्पा फुगतो, मग घोट्याचा, पोटरीचा, गुडघ्याचा, मांडीचा. म्हणजे रक्त खालून वर ढकलले जाते. मग सगळे एकदम सैल पडतात आणि पुन्हा पावलापासून सुरुवात. भावाने दाब किती, तो कुठे दिसतो, जास्त झाला तर सुटायला वाट कोणती, हे विचारून घेतले. तंत्रज्ञ कंटाळला. वहिनी कंटाळल्या नाहीत. यंत्रासंबंधी तो एवढे विचारतो आहे म्हणजे यंत्र घरी येणार, हे त्यांनी ओळखले होते.

यंत्र भाड्याने मिळाले. डॉक्टरांनी नियम घालून दिले. सकाळ-संध्याकाळ यंत्र. बाकी सगळा वेळ पट्टी: जखमेवर औषधाचा तुकडा, त्यावर कापसाचा थर, त्यावर ताणाची पट्टी, घोट्याला सर्वांत घट्ट आणि वर चढत जाईल तशी सैल. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सोडायची, एरवी नाही. चालायचे. बसायचे तर पाय वर घेऊन. पट्टी बांधायला वहिनी शिकल्या. डॉक्टरांसमोर त्यांनी ती दोनदा बांधली, दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांनी नुसते पाहिले.

ओटीवरची खुर्ची आत गेली. माजघरात दिवाणावर उशा रचून भावाचा पाय त्यावर ठेवला जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात आळीतली अर्धी माणसे यंत्र बघायला येऊन गेली. शेजारचे काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. ते दारातूनच ओरडले, "काय रे, टायर बसला काय? हवा मारतायत वाटतं!"

"पंक्चर हाय काका. नुसत्या हवेनं भागत नाय," भाऊ आतून म्हणाला.

"मग टायर उलटा करून मागं टाक. पुढच्या चाकाला जुना टायर चालत नाय."

"दोनच चाकं हायत मला. मागंपुढं काय करू?"

यंत्र गुणगुणत राहायचे. एका कप्प्यातून दुसऱ्यात हवा जाताना टक् असा आवाज यायचा आणि भाऊ तो कान देऊन ऐकायचा. वीज गेली की कप्पे हळूहळू बसायचे. वीज आली की तो पहिल्यापासून सुरू करायचा, राहिलेल्यापासून नाही. यंत्राबद्दल त्याची तक्रार नव्हती. यंत्र बांधत नव्हते. दाबत होते आणि सोडत होते. दाब दिसत होता आणि बटण त्याच्या हातात होते. भांडण होते ते पट्टीशी.

दिवाळीपर्यंत सूज उतरली. जखमेच्या कडा, ज्या इतकी वर्षे ताठ आणि पांढरट होत्या, मऊ पडल्या. कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकू लागली. आणि त्याचबरोबर खाज सुरू झाली. डॉक्टरांनी खाजेबद्दल आधीच सांगितले होते. पण भावाच्या डोक्यात घट्ट कापडाखालची खाज आणि जळजळ यांचा एकच अर्थ होता. वजनकाट्यावर बसलेला असताना एका दुपारी त्याने पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली. घरी परतताना बसमध्ये ती पुन्हा गुंडाळायचा, जमेल तशी, आणि संध्याकाळी यंत्र लावायच्या आधी वहिनींना न दाखवता स्वतःच सोडायचा. ती वर घट्ट आणि खाली सैल बसायची, म्हणजे नेमकी उलटी. आठवडा संपायच्या आत पाय पुन्हा सुजला, गुलाबी कातडी पांढरी पडून फाटली आणि जखम ओली झाली.

त्या संध्याकाळी वहिनींनी स्वतः पट्टी उलगडायला घेतली आणि पहिल्याच वेढ्याला ओळखले.

"ही मी बांधलेली नाही."

भाऊ पायजम्याची कड सारखी करू लागला.

"अहो, मी विचारतेय. ही कोणी बांधली?"

"जळत होतं. उघडा केला जरासा. पटकन सोडायलाच पाहिजे अशा वेळी, तुला माहीत नाय..."

"मला काय माहीत नाही? तुमच्या प्लांटमध्ये नियम न पाळणाऱ्याचं काय करता तुम्ही?"

"गेटबाहेर काढतो."

"आणि तो जळत होतं म्हणाला तर?"

"तिथली गोष्ट वेगळी."

"वेगळीच आहे. तिथं तुम्ही साहेब. इथं पायाच्या प्लांटची इन्चार्ज मी आहे, आणि मी गेटबाहेर काढू शकत नाही, एवढाच फरक. नवीन प्लांट सुरू व्हायला किती वेळ राहिलाय ते तुम्हीच मोजा."

मी जिन्यात होतो. खाली गेलो नाही. थोड्या वेळाने यंत्राचे गुणगुणणे सुरू झाले आणि त्यानंतर कापसाचा पुडा फाडल्याचा आवाज आला.

त्या दिवसानंतर पट्टी वजनकाट्यावर सुटली नाही. याचा साक्षीदार काट्यावरचा दुसरा कर्मचारी. त्याने सांगितले की खाज असह्य झाली की भाऊ उठून आवारात चकरा मारायचा आणि टँकरचालकांवर विनाकारण ओरडायचा. काटा रिकामा असला की तो एक उलटी बादली पुढे घेऊन, तिच्यावर पाय ठेवून बसायचा. चालकांनी त्या बादलीला सिंहासन म्हणायला सुरुवात केली. त्याने त्यांना म्हणू दिले.

थंडीत जखम लहान होत गेली. ते घडताना दिसत नव्हते. वहिनी दर रविवारी एकाच जागेवरून, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढायच्या आणि मागच्या रविवारच्या फोटोशेजारी धरायच्या, तेव्हा कळायचे. तळहाताची सुपारी झाली, सुपारीचा चिंचोका, चिंचोक्याची मिरी. एका रविवारी वहिनींना फोटो काढायला जागा सापडेना. कातडी कागदासारखी चकचकीत होती, पण अखंड होती. भावाने तिच्यावर बोट फिरवले, मग ते बोट नाकाशी नेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कसलाही वास आला नाही.

रत्नागिरीला डॉक्टरांनी पाय पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घट्ट, लांब मोजा दिला. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा, झोपताना काढायचा. यंत्र दिवसातून एकदा पुरे. कंपनीच्या डॉक्टरांनी जखम बंद असल्याचे मान्य केले. नव्या प्लांटमध्ये पाइप बसून झाले होते, पाण्यावर चाचण्या सुरू होत्या. एवढ्यावर हे संपायला हवे होते.

ते अडले सेफ्टी ऑफिसरकडे. हा तरुण अधिकारी कारखान्यात आला तेव्हा भावानेच त्याला प्लांट फिरवून दाखवला होता. पुढे जे झाले ते मी पाहिलेले नाही. भावाने सांगितले आणि नंतर त्या अधिकाऱ्यानेही. दोघांच्या सांगण्यात तफावत नव्हती.

"दादा, बुटाच्या आत काय आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

भावाने पँट वर करून मोजा दाखवला.

"हे निघतं पटकन?"

इतकी वर्षे हाच प्रश्न भाऊ इतरांना विचारत आला होता. "चल, बघू," तो म्हणाला.

त्याने पूर्ण पोशाख चढवला आणि सेफ्टी शॉवरखाली जाऊन साखळी ओढली. बूट निघाले. पँट निघाली. मोजा निघेना. कोरडा असतानाही तो काढायला दोन्ही हात आणि चिकाटी लागायची. भिजल्यावर तो कातडीला चिकटला, टाचेवर अडकला. ओढता ओढता भावाचा तोल गेला आणि तो ओल्या लादीवर बसला. पाणी डोक्यावर पडत होते. अधिकारी पुढे झाला तेव्हा भावाने त्याला हातानेच थांबवले.

"नाय चालणार," तो म्हणाला.

"दादा, शॉवरजवळ कात्री टांगून ठेवू. उभा चिरून काढायचा."

"डोळ्यात उडालं असलं तर कात्री शोधू कुठं मी? नाय चालणार. दुसऱ्या कोणाला मी असा आत सोडला नसता."

त्या संध्याकाळी सोबत्यांनी सोपी वाट सुचवली: आत जाताना मोजा काढ, बाहेर आल्यावर घाल. भावाने फोन करून डॉक्टरांना विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते. उभे राहायचे तेच तास मोज्याचे आहेत. ते सोडले तर उरलेल्या वेळी घालून काही मिळणार नाही, आणि जखम येत्या गणपतीच्या आत परत येईल.

म्हणजे मोजा घालून प्लांट नाही आणि मोज्याशिवाय पाय नाही. दोन्ही नियम बरोबर होते. भाऊ पुन्हा काट्यावर जाऊ लागला. मॅनेजर दोन दिवस थांबतो म्हणाला.

वहिनी शाळेतून आल्या की चहा घेत आणि वह्या तपासत. त्या दिवशी त्यांनी वह्या बाजूला सारल्या आणि डॉक्टरांना स्वतः फोन लावला. मी समोर होतो.

"मॅडम, मोज्याबद्दल नाही विचारत मी. मला असं काहीतरी पाहिजे, जे पायाला मोज्याइतकंच घट्ट बसेल आणि डोळे मिटून, ओल्या हातानं, एका झटक्यात निघेल. असं काही असतं का?"

पलीकडून डॉक्टर काही बोलल्या. वहिनींनी डोळे मोठे केले.

"असतं? मग आधी का नाही सांगितलंत?... हो, खरंय. आम्ही विचारलं नव्हतं."

ते वेल्क्रोचे होते. आत साधा सुती मोजा, त्यावर पोटरीभोवती रुंद, जाड पट्टे, एकावर एक चिकटणारे. प्रत्येक पट्टा हवा तेवढा ताणून बसवता येतो. आणि वरचे टोक धरून खाली ओढले की सगळे चर्रकन सुटते. भावाने ते घरी आणल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन नळाखाली भिजवले. मग दार लोटून घेतले आणि आतून चर्र, चर्र असा आवाज येत राहिला. शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारले, काय फाडतोयस रे. "ब्रेक तपासतोय," तो म्हणाला.

एक अडचण निघाली. पट्ट्यांमुळे पोटरी जाड झाली आणि जुन्या गमबुटात जाईना. कंपनीच्या स्टोअरमधून उजव्या पायाला एक माप मोठा बूट मागवावा लागला. स्टोअरवाल्याने जोडी फोडायला नकार दिला, शेवटी दोन जोड्या दिल्या. डाव्या पायाचा मोठा बूट अजून आमच्या पडवीत आहे. वहिनींनी त्यात ओव्याचे झाड लावले आहे.

शॉवरखालची दुसरी चाचणी भावानेच मागून घेतली. यावेळी त्याने आधी डोळ्यांवर फडका बांधून घेतला. अधिकारी नको म्हणत होता. बूट, पँट, पट्टे, सुती मोजा. उभ्याउभ्याच सगळे निघाले. अधिकाऱ्याने हात पुढे केला तेव्हा भाऊ म्हणाला, "थांब, परत." तीन वेळा झाल्यावर अधिकारीच चिंब भिजला होता. त्याने अट घातली की पाळीच्या मध्ये कंट्रोल रूममध्ये पाय वर घेऊन बसायची सुट्टी घ्यायची. भावाने ती मान्य केली. स्वतःच्या पायासाठी कामाच्या जागी सवलत घेण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

नवा प्लांट ठरल्यापेक्षा थोडा उशिरा, शिमगा होऊन गेल्यावर सुरू झाला. भाऊ पहिल्या पाळीला होता. सकाळी त्याने अंथरुणात बसूनच पट्टे चढवले, घोट्याकडून वर, आणि प्रत्येक पट्ट्यावर थाप मारली. कंपनीची बस नाक्यावर आली तेव्हा खिडकीतून कोणी टनांचा हिशेब विचारला नाही. तो चढला आणि बस लोट्याच्या दिशेने गेली.

दिवसभर फोन नव्हता. आत फोन नेत नाहीत. वहिनी शाळेतून लवकर आल्या, ते त्यांनी मान्य केले नाही. पाळी सुटायची वेळ होऊन गेली, बस आली नाही. वहिनी दोनदा पाणी प्यायल्या. मग फोन वाजला. बसमधला गलका माझ्यापर्यंत ऐकू येत होता.

"पहिली बॅच उतरली," भाऊ ओरडून सांगत होता. "वरची एक झडप जरा अडते. आता मला कळलंय कुठं ते."

"आणि पाय?" वहिनींनी विचारले.

"पायाचं काय?"

"कसा आहे?"

"हाय की जागेवर. तू जेवायला काय केलंयस ते सांग."